‘येते’ म्हणू नये

३ सप्टेंबर
समुद्रावर तरंगणारं घर तपासायला मी समुद्रापासून कोसो दूर, जाफराबाद तालुक्यातल्या तलावावर आले, याचं आईला अजून हसू येतंय. समुद्र चढला की किनाऱ्यावरच्या बंगलेवाल्यांनी राहायचं कुठं, ही आमच्या कंपनीची काळजी. नमुन्याचं घर इथं, कारण इथं कुणी काही विचारत नाही. साहेब, म्हणजे अण्णासाहेब, पुण्यातून फोनवर हुकूम सोडतात. घर मात्र झकास: दोन खोल्या, ओटा, खाली पोकळ तराफा आणि त्यावर घर किती बुडतंय ते मोजायची लाल रेघ, पाण्याच्या वर वीतभर. मालनबाई डबा आणतात, होडीही त्याच वल्हवतात. संध्याकाळी निघताना घराला म्हटलं, येते हं!

५ सप्टेंबर
तळाशी मालनबाईंचं जुनं गाव आहे. तलावासाठी उठवलं आणि पत्र्याच्या वसाहतीत नेऊन टाकलं. तिथं आजही टँकर येतो. बुडालेल्यांना टँकर, अजून न बुडालेल्यांना तरंगते बंगले. लाज वाटली, तरी काम चालूच ठेवलं.
रेघ तीन बोटं उतरलीय. तराफा आतून कोरडा, घर रिकामं. हिशेब केला: पन्नास माणसांचं वजन.
निघताना म्हटलं, येते.

८ सप्टेंबर
रेघ पाण्याला टेकली. दोनशे माणसं. साहेबांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तुझं माप चुकलं म्हणाले, दाखल्यावर सही कर नाहीतर घरी बस.
मालनबाईंना विचारलं, गावात माणसं किती होती? दोनशेच्या वर, म्हणाल्या. "निघताना सगळ्यायनं घराला येतो म्हणलं. जातो कसं म्हणावं माय, अभद्र! जितेपणी कोणी आलं न्हाई. आता मेलेले बोल पाळून राह्यले. त्यांची घरं बुडाली, मंग तुझंच सापडतंय." मग हळूच म्हणाल्या, "तू बी रोज येतेच म्हणती न्हवं? उद्या जाते म्हण."

९ सप्टेंबर, दुपार
सही केली. ‘घर बुडत नाही.’ भित्री आहे मी.
मोजणीची यंत्रं न्यायला मी घरावर आले. ओट्यावर घोटाभर पाणी. खोलीत कुणी दिसत नाही, पण— सरकून जागा देतायत मला.
होडीतून मालनबाई ओरडतायत, जाते म्हण, जाते म्हण—
या शब्दासाठी लहानपणी आईनं तोंडावर मारलं होतं. जीभच वळत नाही—
पाणी गुडघ्याला. लिहून चालेल ना? लिहिते. मी ये