महेशच्या घोड्याचा उजवा पाय

८ जानेवारी, गुरुवार

एक फेब्रुवारीच्या मुंबईच्या डर्बीची, वर्षातल्या मोठ्या शर्यतीची यादी आली. मुंबईहून संपादकांचा फोन. "सदाभाऊ, यंदाही तुमचंच पान. चोवीसशे मीटर कोण टिकतो ते लिहा." या रेसच्या साप्ताहिकात अकरा वर्षं लिहितोय. सदा कुणाला सोडत नाही, असं नाव आहे. नाहीच सोडत. पंचवीस वर्षं जॉकी होतो, कंबर मोडून धामापूरला परत आलो, काजू लावले. आता कुणाची भीती बाळगायची?

बारा घोडे. आठ नुसते फोटोत यायला पळणार. उरले चार.

फेवरिट स्टील मॉन्सून. ओळीने पाच शर्यती जिंकलाय. वर जॉकी महेश. माझा मुलगा. तीन वर्षं बोलणं नाही. हे पानात लिहायचं नाही, म्हणून इथे.

११ जानेवारी, रविवार

सकाळच्या गॅलपचे, सरावाच्या दौडीचे व्हिडिओ आले. दिवसभर तेच.

कॅप्टन्स वर्ड : हाडं मोठी, काळीज उंदराचं. बाजूला दुसरा घोडा आला की मान वळवून बघतो, परवानगी मागितल्यासारखं.

झरोका : फिल्ली, तरणी घोडी, म्हणून वजनात दीड किलो सूट. दम आहे, डोकं त्याहून आहे. जॉकी माझ्या वेळचा, हात गेलेत. 'याला घरी बसवा' असं लिहिलं. वाचेल तो. वाचू दे.

ओल्ड बार्गेन : चिखलात राजा. फेब्रुवारीत चिखल कुठून आणणार?

स्टील मॉन्सून : ढांग लांब, श्वास मोकळा. महेशचे हात शांत. ते मी शांत केलेत. चौदा वर्षांचा होता तेव्हा चाळीत खुर्ची उलटी घालून त्यावर बसवायचो, हातात दोरी. हात हलला की काठी. जेवण दिवसातून एकदा. वजन वाढलं की तेही नाही. सुमन चोरून घावणे द्यायची. एकदा त्याच्या उशीखाली सापडले, तेव्हा तिच्यासमोर बोटं घालून ओकायला लावलं होतं.

जॉकी झाला की नाही?

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सुमनने तिळगूळ हातावर ठेवला, गोड बोला म्हणाली नाही. म्हणाली, "एकदा तरी पानात आपल्या झिलाक पयलो नंबर देवा."

"घोड्याक नंबर देतंय मी, झिलाक नाय."

ती दर रविवारी विहिरीवर जाऊन त्याला फोन करते. माझ्या कानावर पडू नये म्हणून. पडतं सगळं.

तीन वर्षांपूर्वी पानात लिहिलं होतं, महेश बसतो छान, पण शेवटच्या दोनशे मीटरला घाबरतो, चाबूक उशिरा येतो. खरंच येत होता. मालकाने पुढच्या शर्यतीला त्याला घोड्यावरून काढलं. दुसऱ्याच्या हाती तोच घोडा जिंकला. संध्याकाळी त्याचा फोन. "बाबा, तुमी माझ्या तोंडातलो घास काढलास." मी म्हटलं, "तो घास तुझो नव्हतोच."

तेच शेवटचं.

१८ जानेवारी, रविवार

नवा व्हिडिओ. स्टील मॉन्सून, सोळाशे मीटर. वेळ उत्तम, सगळे खूश असणार.

वळणावर काहीतरी. परत बघितलं. मुंबईचा ट्रॅक उजवीकडे वळतो, वळणावर घोड्याने उजवा पाय पुढे घेतला पाहिजे. हा डावाच धरून बसतो आणि बाहेर जातो. महेश आत खेचतोय. गॅलप संपल्यावर चालत परत येताना, अगदी शेवटी चार पावलं. उजवा पुढचा पाय टेकला की डोकं वर, म्हणजे तो पाय दुखतोय.

चौदा वेळा बघितलं. सुमनला दाखवलं. "माका काय दिसणा नाय," म्हणाली.

दुखणं टाचेत नाही. गुडघ्याखाली.

२० जानेवारी, मंगळवार

संपादकांना सांगितलं. "डॉक्टरांनी पास केलाय घोडा. फेवरिटबद्दल असं छापता येत नाही. आणि सदाभाऊ, मुलाचाच घोडा. लोक काय म्हणतील?"

मग स्टील मॉन्सूनच्या ट्रेनरला फोन. कधीकाळी एकाच तबेल्यात उपाशी राहिलेलो आम्ही. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "पोराचं एकदा वाटोळं करून पोट भरलं नाही तुझं?"

मी फोन ठेवला.

२२ जानेवारी, गुरुवार

सुमनने महेशला फोन लावला, स्पीकरवर. मी पाय कसा पडतो ते सांगायला लागलो. पुरतं ऐकलंही नाही.

"आये, तेका सांग, माका घोड्यावरसून उतरवची तेची हौस अजून फिटली नाय."

"अरे, तो पाय मोडतलो," मी म्हटलं. "वळणावर मोडतलो. तू खाली आणि मागसून अकरा घोडे."

तो गप्प. चार-पाच सेकंद असेल.

"पाय माझ्या खाली आसा. माका कळता." ठेवला.

सुमनला वाटलं रागाने गप्प झाला. रागाने नाही. त्याला ठाऊक आहे.

२५ जानेवारी, रविवार

कुणाला सांगितलेलं नाही, लिहून टाकतो. मी पडलो त्या दिवशी, शर्यत सुटते त्या गेटकडे जातानाच घोड्याचा पाय दुखतोय हे मला कळलं होतं. डावा पुढचा. प्रत्येक टापेला एक बारीक झटका, मांडीतून वर. गेटवर घोड्यांचा डॉक्टर उभा होता. एक शब्द बोललो असतो तर घोडा बाहेर काढला असता. नाही बोललो. मोठी शर्यत, दुसरी मिळाली नसती. आठशे मीटरच्या खांबाजवळ हाड गेलं, आवाज वर मला ऐकू आला. घोड्याला तिथेच पडदा लावून संपवलं. मला स्ट्रेचरवर.

अपघात झाला, असंच सगळीकडे सांगत आलो.

२८ जानेवारी, बुधवार

सुमनला सांगितलं. सुपारी वाळत घालत होती, हात थांबला नाही.

"म्हणजे तुमका म्हायत होता."

"होता."

"आणि आता तो तुमच्यासारखोच गप बसतलो."

"बसतलो."

मग माझ्याकडे न बघता, "तुमी पडलास ना, तेव्हा मी भगवतीक नारळ दिलंय. वाटला, सुटलंव. आता झिलाक तरी कोण मारूचो नाय."

बारा वर्षं हिने माझी कंबर शेकली.

३० जानेवारी, शुक्रवार

पान छापून आलं, संपादकांनी फोटो पाठवला. पहिली झरोका, दुसरा कॅप्टन्स वर्ड, तिसरा ओल्ड बार्गेन. स्टील मॉन्सून चौथा. खाली मी लिहिलं होतं, 'उजव्या वळणावर याचा पाय बघा.' ते कापलं. त्या जागी, 'बापाची शिस्त घरच्या घोड्यालाही माफी देत नाही.' माझ्या नावाखाली. हे मी लिहिलेलं नाही.

दुपारी सुमनने पिशवी भरली. फोंडाघाटात तिची बहीण, तिथून दोघी रात्रीच्या गाडीने मुंबईला. मीही शर्ट चढवला.

"तुमी येव नकोत. तुमका बघल्यान तर मुद्दाम चढतलो."

शर्ट काढून ठेवला.

३१ जानेवारी, शनिवार

घरात एकटा. पेज केली, खाल्ली नाही.

सकाळी व्हिडिओ लावला होता. ती चार पावलं आली आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. उद्या वळणावर तो घोडा खाली बसेल आणि सगळे म्हणतील सदाभाऊंनी आधीच सांगितलं होतं. ट्रेनर म्हणेल. संपादक म्हणेल. एवढं सगळं मनात होऊन गेलं, त्यांची तोंडंसुद्धा दिसली. महेश कुठे आहे ते त्यात आलंच नाही.

मग आलं.

फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला. तासाने परत काढला, सुमनचा आला तर म्हणून.

१ फेब्रुवारी, रविवार

स. ११. सुमनचा फोन. "भेटलंय तेका. उपाशी आसा, वजनासाठी. सगळा सांगलंय. तुमचाय सांगलंय, गेटवरचा. म्हटलंय, बापूस गप रवलो आणि जल्माचो मोडलो."

"काय म्हणालो?"

"'ता तेना माका कित्याक सांगूक नाय?' इतक्याच. मगे म्हणालो, आये, तू इलंस ता बरा झाला, आता मावशीबरोबर बस."

दु. ४.४०. टीव्हीसमोर बसून लिहितोय. पॅडॉकमध्ये, शर्यतीआधीच्या रिंगणात बारा घोडे फिरतायत. स्टील मॉन्सूनच्या दोन्ही पुढच्या पायांना पट्ट्या. दोन्हींना, म्हणजे दुखरा कोणता ते कळू नये. ट्रेनर मालकाशी हसतोय. महेश वर चढला. गालफडं बसलीत. मी याच वयात असाच दिसायचो.

५.०५. घोडे गेटकडे. कॅमेरा झरोकावर, निवेदक माझं नाव घेऊन सांगतोय की जाणकारांची पसंती हिला. मला तिचं काही बघायचं नाही. मागे दाखवा.

५.१२. सात घोडे गेटमध्ये गेले. महेश बाहेरच आहे. घोडा गोल फिरवतोय, उजवीकडे. एकदा, परत एकदा. आता थांबवला. गेटवरच्या डॉक्टरकडे वाकून काहीतरी बोलला. काय ते ऐकू येत नाही, निवेदकाची बडबड चालू आहे. डॉक्टर खाली बसला, पायाला हात लावतोय. ट्रेनर रेलिंगपाशी येऊन हातवारे करतोय, नाही, नाही.

डॉक्टर उठला. वर बघून महेशला काहीतरी विचारतोय, घोडा काढू का बाहेर, असंच असणार. महेश अजून मान हलवत नाही, ना हो ना नाही.

सुमनचा फोन वाजतोय. उचलत नाही. आधी बघू दे.