हौसाबाईचा हात

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार
सकाळी टँकर आला. विहिरीत पाणी ओतल्यावर नेहमीची झुंबड. रांग लावायला दिगंबर काठी घेऊन उभा. त्याला कुणी नेमलेलं नाही. चुलत्याची जमीन मोठी, एवढंच. बौद्धवाड्यातल्या बायकांना म्हणाला, तुम्ही मागून. हौसाबाई हलली नाही. काठी तिच्या उजव्या मनगटावर बसली.
दवाखान्यात आणली. हात मोडलाय हे बघूनच कळलं. फळी लावून बांधला. सोलापूरला न्या, आजच न्या, असं तिच्या सासऱ्याला बजावलं. लक्ष्मणबाबा हो म्हणाले, पण लक्ष बाहेर उभ्या माणसांकडं.

१३ फेब्रु.
नेलं नाही. तात्या आले होते. तात्या म्हणजे सोसायटीचे चेअरमन, आणि आमच्या समेट मंडळाचेही. मी, ते आणि आणखी तिघं. बांधाची, पाण्याची, नवराबायकोची भांडणं पोलिसाशिवाय मिटवायची, हे मंडळाचं काम. मला घेतलं ते बाई पाहिजे म्हणून, आणि नर्स आयती गावात होती म्हणून.
"सोलापूरला नेलं की डॉक्टर पोलिसांना कळवणार. केस झाली की गाव फुटलं. आधी मिटवू, मग न्या."
म्हटलं, हाड वाट बघत नाही तात्या.
तोवर त्यांनी हाड बसवणारा बोलावलाही होता. त्यानं माझी फळी सोडून बांबूच्या कामट्या बांधल्या. आठ दिवस हात लावायचा नाही म्हणे. इतकी चिडले की औषधाची बाटली फोडली. नुकसान माझंच.

१६ फेब्रु.
समेट झाला! सोसायटीच्या हापिसात, मला निरोप न देता. दिगंबरचे चुलते आणि लक्ष्मणबाबा बसले, चहा झाला, मिटलं. दिगंबर नाही, हौ. नाही.
तिला सांगायला गेले तर डाव्या हातानं भाकरी थापत होती.
"मिटलं? कुणाचं मिटलं, बाई?"


२० फेब्रु., मंगळ.
बोटं सुजून काळीनिळी. तात्यांना न विचारता कामट्या सोडल्या आणि एसटीनं तिला सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? हौ. नं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, पडले. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आदी गावात बघते. न्हाय जमलं तर पोलीस हायेतच."
प्लास्टर घातलं. इतके दिवस काय करत होतात, म्हणून बोलणी मी खाल्ली. हात पहिल्यासारखा होईल का, ते सांगता येत नाही म्हणाले.

२६ फेब्रु., सोमवार
मंडळ पुन्हा बसलं. मी अडूनच बसले होते: हौ. आणि दिगंबर समोरासमोर पाहिजेत, नाहीतर माझा राजीनामा घ्या.
तात्यांनी तिला विचारलं, तुला काय पाहिजे? चुलत्यांचा हात लगेच खिशाकडं.
"पैसा नगं. दुष्काळी कामावर माजा खाडा पडतोय. माजा हात बरा हुईस्तवर ह्यानं माजी खडी फोडायची. माज्या नावावर."
चुलते उठून चालते झाले. दिगंबर खाली मान घालून म्हणाला, "फोडतो." चुलत्यापेक्षा पोलिसांची धास्ती जास्त असणार. असू दे. फोडतो म्हणाला ना!

५ मार्च
तामलवाडीकडच्या रस्त्याच्या कामावर जुलाबावरच्या गोळ्या वाटायला गेले. बायकांच्या रांगेत दिगंबर, डोक्याला टॉवेल. हौ. बाभळीखाली, प्लास्टर मांडीवर घेऊन, त्याच्यावर नजर ठेवून.
"खडी मोठी ऱ्हायली. मुकादम घेणार न्हाय."
"व्हय, व्हय."
बायका पदराआड हसतात. त्याच्या तळहाताला फोड आलेत. औषध लावताना म्हणाला, "बाया ह्ये रोजच करत्यात व्हय?" म्हटलं, छे, तुझ्यासाठी कालपासनं सुरू केलंय. लाजला. पोरगा अगदीच दगड नाही.

१९ मार्च
दिगंबरची आई दवाखान्यात रडून गेली. बौद्धवाड्यातल्या बाईच्या हाताखाली पोरगं बसतं हे चार गावांत झालं, सोयरीक कशी जमणार? म्हटलं, हौसाबाईशी बोला. तिकडं नाही गेली. राग आला, आणि तिची दयाही आली.
दिगंबरचा खाडा नाही अजून.

४ एप्रिल
सोलापूर. प्लास्टर काढलं. मनगट वाकडं, बोटं मिटत नाहीत. हातोडी तर सोडाच, तांब्या धरवत नाही. वेळेवर आणलं असतं तर वाचला असता, म्हणाले डॉक्टर. आता एवढाच राहणार.
एसटीत मी रडले. ती नाही. खिडकीतून वाळलेली रानं बघत बसली होती.

७ एप्रिल
तात्या: "हात बरा झाला असं लिहून द्या. पोरगा सुटेल. हौसाला वेगळं काहीतरी हलकं काम बघू."
"खोटं लिहिणार नाही."
"मग त्यानं जन्मभर खडी फोडायची?"
 तात्या वाईट माणूस नाहीत. गेल्या उन्हाळ्यात दोन भावांना कोर्टाच्या दारातून परत आणलं ते त्यांनीच. म्हणूनच जास्त चीड येते.

९ एप्रिल, सोमवार
आज मंडळ. जे आहे ते सांगितलं: हात बरा होणार नाही.
दिगंबर म्हणाला, "मग माजं कवा सुटायचं?" उद्धटपणा नव्हता त्यात. खरंच विचारत होता.
हौ. त्याच्याकडं बघून म्हणाली, "जा तू. तुजं झालं."
चुलत्यांनी सुस्कारा सोडला. तात्या उठायच्या बेतात. ती त्यांच्याकडं वळली.
"बसा तात्या. ह्यानं काठी मारली, त्येची खडी ह्यानं फोडली. आठ रोज कामट्या बांधून मला घरात कुणी ठिवलं? हात गेला तो त्या आठ रोजात. उद्यापासनं मंडळानं फोडायची."
मंडळातले तिघं एकमेकांकडं बघायला लागले. तात्या म्हणाले, विचार करून सांगतो. तिनं एकदा माझ्याकडंही बघितलं.
"बाई, तुमीबी मंडळातच की."
मनाला लागलं. पण काय खोटं बोलली? हो म्हटलं.
मुकादमाकडून हातोडी मागून आणली आहे. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी जाईन. तात्या येतात का, कळेल तिथंच.