माझ्या अबोल्यावरचं गाणं

आई, माझ्यावर एक गाणं झालंय. हसू नकोस. न्यू मेटल म्हणतात त्या प्रकाराला. गिटारी इतक्या खालच्या सुरात लावतात की खिडकीच्या काचा थरथरतात, आणि गाणारा अर्धं भरभर बोलतो, अर्धं घसा फाटेस्तोवर ओरडतो. हा ओरडणारा म्हणजे तुझा जावई. तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी तो माझ्या आयुष्यात आला. चांगली नोकरी सोडून तो पूर्णवेळ बँडमध्ये शिरला आणि ही बातमी मला आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या शेजारणीकडून कळली. दिवाळीपासून मी त्याच्याशी बोलत नाही.

अंधेरीच्या एका हॉलमध्ये ते गाणं पहिल्यांदा ऐकलं. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. पोरं माना झटकत होती आणि स्टेजवर तो लालबुंद होऊन ओरडत होता, "बोल. शिवी दे, पण बोल." दुसऱ्या कडव्यात आमचं स्वयंपाकघर आहे, मी आपटलेला कुकर आहे, आणि दोघांच्या मध्ये निरोप घेऊन पळणारी आमची आठ वर्षांची मुलगी आहे. माझ्या घरातलं भांडण अख्खा हॉल एका सुरात म्हणत होता. माझं डोकं असं सणकलं की गाणं संपायच्या आत मी रिक्षा पकडली. बरं, हाच माणूस घरी मला समोरासमोर एक शब्द विचारत नाही. तोही लेकीलाच धाडतो. तेव्हापासून मला कुठे स्वस्थता नाही. भाजी चिरताना ते गाणं डोक्यात वाजतं, ऑफिसात वाजतं, आताही हे लिहिताना मी सारखी उठून ओटा पुसून येतेय.

अबोला धरायला मी कुठे शिकले, हे तुला काय सांगायचं? घाटकोपरची आपली खोली आठवते. तू ओट्याशी, बाबा दारातल्या खुर्चीत, मध्ये पाच पावलांची जमीन आणि मी. तू माझ्याकडे बघत म्हणायचीस, "तेंका सांग, पान वाढलंय." बाबांना ते ऐकू आलेलं असायचं. तरी मी पाच पावलं जाऊन सांगायची. ते पेपरातून मान न काढता म्हणायचे, "तिका सांग, माका भूक नाय." मी परत यायची. कधी आठवडा चालायचं हे, कधी दोन महिने. भांडणाचं कारण मला कधीच कळलं नाही, आणि खरं सांगू, तुम्हा दोघांना तरी ते शेवटी आठवत होतं का, याची मला शंका आहे. चाळीत सगळे म्हणायचे, काय शांत घर आहे.

हॉस्पिटलमध्येही तुमचा अबोला चालूच होता. तुझा श्वास लागलेला, बाबा पलंगाच्या पायथ्याशी उभे, आणि तू मला म्हणतेस, "तेंका सांग, घराक जावा." मी सांगितलं. ते गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा बाबा माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "तिका सांग, माझो राग गेलो." मी मोठ्याने सांगितलं. थोड्या वेळाने कावळा आला, माणसं म्हणाली, ऐकलं हो तिने. मला रडू नाही आलं, चीड आली. तुझी आली, बाबांची आली. निदान त्या दिवशी तरी त्यांनी स्वतः तोंड उघडायला हवं होतं.

आज दुपारी लेक स्वयंपाकघरात आली. म्हणाली, बाबा विचारतोय, संध्याकाळी गाणं रेकॉर्ड करायचंय, दुसरं कडवं ठेवू की काढू? मी म्हटलं, "त्याला सांग..." तिने निरोप घ्यायला मान जराशी तिरकी केली होती, अगदी मी करायची तशी. मी गॅस बंद केला आणि बाहेरच्या खोलीत गेले. तो गिटारच्या तारा बदलत होता. मी म्हटलं, "शेजारणीकडून कळलं मला. शेजारणीकडून. लाज नाही वाटली?" त्याने हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाला, "तुला सांगायची भीती वाटत होती." आणि मग आम्ही भांडलो, आई. चांगले तासभर, खिडक्या उघड्या ठेवून. समोरच्या गॅलरीतल्या काकू कपडे वाळत घालायचं विसरून उभ्या होत्या. मिटलं काहीच नाही, नोकरीचं नाही, कडव्याचंही नाही. आवाज मात्र माझा पार बसलाय.

लेक सगळा वेळ दारात उभी होती. आम्ही थांबलो तेव्हा ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मग आता मी काय करू?"

तो म्हणाला, जा, खेळायला जा. तिचा चेहरा का पडला ते त्याला कळलं नाही. मला कळलं. मी तिला जवळ घेतलं, पण ती अंग चोरून उभी राहिली.

हे तुला कुठे पाठवणार, आणि कुणाच्या हाती? फाडूनही टाकवत नाही. एकच गोष्ट, जी मी तुम्हा दोघांपैकी कुणालाच सांगितली नव्हती. तुम्ही परत बोलायला लागलात की मधलं माझं काम संपायचं, आणि मी जिन्यात जाऊन रडायची.