डी ड्राइव्ह

देवास, रविवार, नोव्हेंबर २००४

आज माझ्या हातून फार वाईट झालं. विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकत होतो. दुसऱ्या डिस्कचं पार्टिशन टेबल, म्हणजे तिच्या भागांची नोंद, वाचता येत नाही, नवीन बनवू का, असं स्क्रीनवर आलं. मी वैतागून ‘हो’ केलं. का केलं? त्या डिस्कवरचा अख्खा डी ड्राइव्ह पुसला गेला. रिटायर झाल्यापासून बाबांनी एका बोटाने टाइप केलेल्या आठवणी त्यातच होत्या. एका बोटाने, दोन वर्षं.

कॉम्प्युटरवाला म्हणाला, “अब कुछ नहीं निकलेगा, भिया.”

बाबा रागावले नाहीत. “परत लिहीन,” म्हणाले आणि वही घेऊन बसले. हल्ली ते विसरतात. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “धारच्या शाळेतल्या आमच्या मास्तरांचं नाव काय लिहिलं होतं रे मी?”

ती पानं मी कधी वाचलीच नव्हती.