सुरभीचा सासरा जिवंत आहे

इंदूर
१८ एप्रिल

चि. सौ. यामिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र आणि हळदीचा पुडा, दोन्ही पोचलं. हळद एकदम मस्त आहे, पत्र मात्र चिमूटभर. पुढच्या वेळी उलटं कर.

इथल्या गरमीचं विचारू नकोस. कूलर रात्रभर घरघर करतो आणि तरी उशी तापलेली. दुपारी पन्हं पिऊन आम्ही दोघं गपचूप पडून राहतो.

आता मुद्द्याचं. हे फोनवर बोलता येत नाही, कारण घरचा मोबाईल कायम ह्यांच्या खिशात, आणि बोलायचंय ते ह्यांच्याबद्दलच. तुझ्या नानाची मला काळजी वाटायला लागली आहे गं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर पेपर सुटला, तेव्हापासून टीव्ही हेच ह्यांचं पंचांग. रात्री गाण्याची स्पर्धा लागली की शनिवार. म्हणजे उद्या रविवार, म्हणजे पोलोग्राउंडला कारखान्यातल्या जुन्या दोस्तांबरोबर पोहे-जलेबी. सातच्या मालिकेत तर ह्यांचा जीव अडकलेला. मी त्या वेळी कॉलनीतल्या बायकांबरोबर फिरायला जाते, कारण त्या सुरभीचं रोजचं रडणं मला सोसत नाही. परत आले की हेच मला जेवताना सगळी गोष्ट सांगतात.

परवा सांगायला लागले की सुरभीचा सासरा अंगणात बसून आंबा चोखत होता. मी म्हटलं की अहो, तो तर दिवाळीत गेला, तुम्हीच सांगितलंत, त्या दिवशी तुम्ही धड जेवलाही नव्हतात. तर हातातला घास पानात ठेवला. मग हळूच म्हणाले की हो, गेला होता खरा. काल म्हणाले की सुरभीला दिवस गेलेत. तिचा मुलगा तर दुसरीत आहे ना? मी आठवण दिली तर पानातली भाजी चिवडत बसले.

दुसऱ्या कुणाचं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण तुझ्या वडिलांचं, अण्णांचं असंच सुरू झालं होतं ना? जाऊन वर्षं झालेल्या माणसांची पानं मांडायला लावायचे मला. तुझ्याशिवाय हे कुणाला लिहिणार?

उत्तर लवकर दे. आहे तो लोभ या उन्हाने आटू देऊ नकोस.

तुझी,
मनोरमावहिनी


सांगली
२६ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा रागच आला. म्हटलं, काहीतरीच काय लिहितेस! आमचा नाना म्हणजे कारखान्यात कुठल्या मशीनचा कुठला नट कधी बदलला ते झोपेत सांगणारा माणूस. मग पत्र पुन्हा वाचलं आणि अण्णांच्या पानांपाशी थांबले. आई आणि तू मुकाट्याने पानं मांडायचात आणि नाना ती मुकाट्याने उचलायचा. मी लग्न होऊन इकडे आले होते, त्यामुळे माझ्या वाट्याला ते फार आलं नाही. नानानं मात्र सगळं जवळून पाहिलंय.

म्हणून त्याला तोंडावर काही विचारू नकोस. गप्पांत हळूच चाचपून बघ, आज वार कुठला, दूधवाल्याचं नाव काय. आणि डॉक्टरांना दाखवच. कारण दुसरं सांग. तुझे गुडघे आहेतच की, त्यांचा एरवी काय उपयोग! पुष्करला इतक्यात कळवू नकोस. लेकच आहे तो, कळलं की पहिल्या विमानाने येईल आणि तुम्हा दोघांना बंगलोरला उचलून नेईल. तिथे नानाला पोहे कोण देणार आणि इंदुरी थाटात ‘भिया’ म्हणून हाक कोण मारणार?

बाकी इकडे ठीक. ह्यांचं क्रिकेट सुरू आहे, त्यामुळे संध्याकाळी टीव्हीच्या खोलीत आम्हा बायकांना मज्जाव. आणि हो, तुझ्या पत्रातल्या मराठीवर हल्ली शेव जास्त पडते. ‘गरमी’ काय, ‘जलेबी’ काय! पण वाचायला चविष्ट लागतं.

काळजी करू नकोस असं म्हणणार नाही, मीच करतेय. माया तेवढी पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
यामिनी


इंदूर
५ मे

चि. सौ. यामिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या मराठीवरची शेव मोजत बसू नकोस, आज मला हसायला येत नाहीये.

बुधवारी सकाळी मी देवपूजेत होते. हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. मला वाटलं कोपऱ्यावर दूध आणायला गेले असतील. तासाभराने संजीवभिया स्कूटरवर ह्यांना घेऊन दारात! संजीवभिया ह्यांच्या हाताखाली शिकलेले, अजून त्याच कारखान्यात आहेत. ड्यूटीवर जाताना त्यांनी पाहिलं तर नाना पोह्याच्या दुकानाबाहेर बाकावर एकटेच बसलेले. दोस्तांची वाट बघत होते. विचारलं तर म्हणाले की आज संडे है, कुणीच कसं आलं नाही? बुधवारी, यामिनी! संजीवभियांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की वहिनीजी, जरा ध्यान ठेवा. ह्यांनी शर्ट काढून खुंटीला टांगला.

आणखी एक. रोज सकाळी बाथरूममध्ये पाण्याच्या आवाजात काहीतरी पुटपुटत असतात. आकडे असतात नुसते. पहिल्या दिवशी मी टॉवेल द्यायला गेले आणि दाराबाहेर तशीच उभी राहिले. आता रोज उभी राहते. आत पाणी बंद झालं की पटकन स्वयंपाकघरात येते.

आणि काल तर ऐन मालिकेत उठले आणि टीव्ही बंद केला म्हणे, शेजारच्या पलकनं सांगितलं. ती कैऱ्या द्यायला आली होती. पन्नास वर्षं झाली लग्नाला, हा माणूस कधी अर्ध्यातून उठला नाही, ना कामावरून, ना जेवणावरून, ना भांडणावरून.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे, चौदा तारखेची. माझ्या गुडघ्यांचं नाव सांगितलंय. तुला खरं सांगू? मला भीती वाटते. अण्णांनी शेवटी आईंनाच विचारलं होतं की बाई, तुम्ही कुणाकडच्या? आईंनी किती शांतपणे उत्तर दिलं होतं. मला नाही गं तसं जमणार.

देवाला सांग काहीतरी. आणि या वहिनीवरची माया आहे तशी ठेव, सध्या फार लागतेय.

तुझी,
मनोरमावहिनी


सांगली
९ मे

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वहिनी, सासरा जिवंत आहे! मी माझ्या डोळ्यांनी पाहिला!

थांब, नीट सांगते. काल तुझं पत्र आलं आणि मी रडून रडून अर्धी झाले. संध्याकाळी सूनबाई ऑफिसातून आली. अनुष्काला सगळं सांगितलं. म्हटलं, माझ्या भावाचं डोकं खाणारी ही सुरभी आहे तरी कोण, मला बघायचीय. ह्यांना क्रिकेटवरून उठवलं, संसारात पहिल्यांदाच, आणि सातला बसलो. तर अंगणात खाट, खाटेवर सासरा, हातात आंबा! मी किंचाळलेच. अनुष्का म्हणाली की आई, हा तर मागच्या वर्षीचा भाग आहे. मग तिनं मोबाईलवर शोधून सांगितलं की मालिकेतली माणसं उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेलीत. त्यामुळे चॅनेलवाले जुने भाग लावतायत, तेही हाताला येईल तो. आज लग्न, उद्या डोहाळे, परवा साखरपुडा. वर खाली पाटी नाही की सूचना नाही. मध्येच एखादा अलीकडचा भाग, त्यात सासऱ्याच्या फोटोला हार. बघणाऱ्यानं करायचं काय!

आणि अजून ऐक. गाण्याची स्पर्धा शनिवारी लागते ना? मुलांना सुट्टी म्हणून बच्चे कंपनीचे खास भाग काढलेत आणि ते वाटेल त्या वारी लावतायत. तुझ्या त्या बुधवारच्या आदल्या रात्री, मंगळवारीही लागला होता! मंगळवारी रात्री गाणं लागलं, मग नानाच्या हिशेबाने बुधवारी काय येणार? तूच पहिल्या पत्रात लिहिलं होतंस की टीव्ही हेच त्याचं पंचांग. पंचांगच बिघडलं गं वहिनी, आपला नाना नाही!

मला राहवेना म्हणून लगेच फोन केला. तू फिरायला गेलेली, फोन अर्थातच नानाकडे. त्याच्याबद्दल आपण काय समजून बसलो होतो ते त्याला कळता कामा नये, म्हणून सांगताही येईना आणि हसू आवरेना, मध्येच रडूही येई. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं की यामिनी, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? घे! म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने.

डॉक्टरांकडे मात्र जाऊन ये, मनाची खात्री होईल. आणि आज रात्री पोटभर जेव, गेले पंधरा दिवस जेवली नसशील हे मला इथे बसून कळतंय.

या वेळी लोभ-बिभ काही मागत नाही, पेढे मागते.

तुझी,
यामिनी


इंदूर
१६ मे

चि. सौ. यामिनीस,
अ. उ. आ.

अक्षर माझं आहे, दचकू नकोस. तुमच्या दोघींच्या पत्रव्यवहारात आज मी घुसखोरी करतोय.

मंगळवारी पोस्टमन आला. मनोरमानं दारातच पाकीट फोडलं आणि वाचता वाचता खाली पायरीवरच बसली. पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला वाटलं सांगलीला कुणी गेलं. हातातून कागद घेतला, तर पहिल्याच ओळीत सासरा जिवंत असल्याची बातमी. पुढचंही सगळं वाचलं. मग मीपण तिच्या शेजारी पायरीवर बसलो. पोस्टमन बिचारा पाणी देऊ का विचारत होता.

आता तुम्ही दोघी माझ्यापासून लपवत होतात ना, तर मीही एक लपवत होतो. मला अण्णांची पानं तुमच्यापेक्षा जास्त आठवतात, उचलायचो मीच. सासरा आंबा खाताना दिसला तेव्हा मला पहिला प्रश्न तोच पडला की हे टीव्हीत आहे की माझ्या डोक्यात. पोह्याच्या बाकावर बसलो होतो तेव्हा तर खात्रीच झाली. म्हणून टीव्ही बंद केला. म्हटलं, जे दिसतंय त्यावर भरवसाच नाही तर बघायचं कशाला? आणि रोज आंघोळीला गेलो की एकोणतीसचा पाढा म्हणायचो. शाळेत त्याच पाढ्यावर मार खाल्ला होता, म्हणून तोच धरला. तो पुरा झाला की समजायचं, आजचा दिवस निभला. मनोरमाला कळू नये म्हणून नळ मोठा सोडायचो. आमच्या इंदुरात गरमीत इतकं पाणी वाया घालवलेलं पाप आहे, पण काय करणार.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, कागदावर घड्याळ काढायला लावलं, तीन शब्द सांगून नंतर परत विचारले. सगळं बरोबर. म्हणाले की वयाप्रमाणे थोडं इकडे-तिकडे होईल, वर्षाने पुन्हा या, पण चिंतेचं काही नाही. आणि नानाजी, एक कॅलेंडर घ्या. त्यांनी मग मनोरमाचे गुडघेही तपासले. ते मात्र खरंच खराब निघाले. कॅलेंडर आता फ्रिजवर लावलंय. टीव्हीसमोर संध्याकाळी दोघंही बसतो. मेलेला कुणी उठून आला की मी तिच्याकडे बघतो, ती मान हलवते, की हो, मलाही दिसतोय. बास.

पाढा आता नळ बंद ठेवून म्हणतो. सवय लागली. काल सकाळी ‘एकोणतीस सत्ते’ म्हटलं आणि अडकलो नव्हतो, मुद्दामच थांबलो. दाराच्या अगदी बाहेरून लगेच आवाज आला, दोनशे तीन.

तुझा,
नाना

ता. क. पेढे पाठवतोय. येत्या रविवारी, म्हणजे खऱ्या रविवारी, पोहे खाताना तुझ्या नावाची एक जलेबी जास्त.