उजवीकडची पदकं

१८ नोव्हेंबर, सोमवार

पदकं उजवीकडे आहेत!

हॉलमध्ये जयेशचा तो भला मोठा फोटो लावलाय — नेव्हीची पांढरी वर्दी, तलवार, छातीवर पदकं. साखरपुड्याला त्यानंच फ्रेम करून आणला. बाबा आल्यागेल्याला दाखवतात, "आमचे होणारे जावई!" चष्म्यामुळे त्यांची स्वतःची नेव्ही हुकली ना.

आज मोबाइलमध्ये तोच फोटो ऑफिसात शांतारामकाकांना दाखवला. ते पंधरा वर्षं नेव्हीच्या जहाजावर होते. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. "वैभवी, पदकं डाव्या छातीवर लावतात गं."

फोटो उलटा छापला असेल. एवढंच असणार!

१९ नोव्हेंबर

नाही. जयेशच्या डाव्या गालावर तीळ आहे. फोटोतही डाव्याच गालावर. म्हणजे चेहरा सुलटा, वर्दी उलटी.

दोनदा झूम करून खात्री केली.

जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "शांतारामकाका विचारत होते, जयेश कुठल्या बॅचचा?" बाबा लगेच रंगात आले. आई पोळ्या लाटत होती.

२० नोव्हेंबर

जयेशचा फोन. हसत हसत — "यार, हे शांतारामकाका कोण?"

मी त्याला हे नाव कधीच सांगितलेलं नाही! बाबांनीही नाही, विचारलं मी त्यांना. माझा फोन वाचतो का हा? ऑफिसात कुणाला पेरून ठेवलंय का? मेट्रोतून उतरल्यावर तीनदा मागे वळून पाहिलं.

२१ नोव्हेंबर

त्याचे चार कॉल. उचलले नाहीत.

२३ नोव्हेंबर, शनिवार

बाबा फिरायला गेले तेवढ्यात फोटो उतरवला. मागे स्टुडिओचा स्टिकर, पत्ता मुनिरकातला. तशीच रिक्षा केली. आवाज सांभाळत विचारलं, भावाचा असा फोटो काढायचाय, वर्दी आणावी लागेल का?

"अरे नहीं मैडम! पुलिस, आर्मी, नेवी — सब कंप्यूटर में है. बस चेहरा ले आइए."

घरी येऊन बाथरूममध्ये रडले.

अकरा दिवसांनी लग्न. मग या माणसाबरोबर मी एकाच घरात एकटी असणार. कोण आहे हा? नाव तरी खरं असेल का? पत्रिका वाटून झाल्यात. बाबांना सांगितलं तर ते कोसळतील. नाही सांगितलं तर मी मेले! भीती वाटतेय, फार भीती वाटतेय. कुणाला हे लिहूनसुद्धा पाठवता येत नाही, त्यानं वाचलं तर?

उद्या आईला सगळं सांगणार. आई आहे म्हणून बरं.

२४ नोव्हेंबर

आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबलेसुद्धा नाहीत.

"हळू बोल. तू चौतीसची झालीस, आणि बाबांना नेव्हीवालाच हवा होता. तो फोटो मीच करून घेतला."