बाराचा भोंगा

५ ऑगस्ट ८१
आजपासून भोंगा माझ्या ताब्यात. धरणावर येऊन सात महिने झाले. आतापर्यंत गवत काढ, ग्रीस लाव, जीपला धक्का मार. आता रोज बारा वाजता दोन मिनिटं हँडल फिरवायचं. रंगनाथ मिस्त्री म्हणतात, रोज फिरवला नाही तर गंज धरतो नि ऐन वेळी मुका होतो. ऐन वेळ म्हणजे दरवाजे उघडून नदीत पाणी सोडायची. तेव्हाही हाच, असाच दोन मिनिटं. नदीतल्या माणसांनी ऐकून वर यायचं.
दंड भरून आले. आमच्या सुरगाण्याच्या डोंगरात हा आवाज गेला तर लोक देवाला कोंबडं कबूल करतील.

१६ ऑगस्ट
थोरली बहीण आली, जनीबाय. भाताची लावणी झाली, कापणीला वेळ आहे, म्हणून ती आणि दाजी वाळूच्या कामाला. धरणाखाली कोसभर. पूर ओसरला की पात्रात नवी वाळू पडते, ती पाट्यांनी ट्रकमध्ये. दहा जोडपी, एक मुकादम. सुट्टी होती, सायकलवर जाऊन आलो. भाची चार महिन्यांची. पाटीत निजवलेली, वाळूतच.
बाय म्हणाली, "तुझा भोंगा झाला का आमी भाकर सोडतो. मुकादमाचं घड्याळ लबाड हाय, भोंगा नाय."
दाजी म्हणाले, आणखी कोसभर खाली, पुलापाशी, पेठ तालुक्यातल्यांची टोळी आहे. तीही भोंग्यावरच जेवते. म्हणजे माझ्या हातावर दोन टोळ्या जेवतात. येताना सायकल उडत आली.

१९ ऑगस्ट
डोक्यात किडा शिरलाय. बाराचा भोंगा आणि पाण्याचा भोंगा एकच. तो वाजला की माणसं वर येत नाहीत. बसतात. पात्रात.
मिस्त्रींना सांगितलं. तंबाखू मळत राहिले. म्हणाले, इथले लोक पाणी बघून हलतात, भोंगा कोण ऐकतो. मग म्हणाले, साहेबाला विचार.

२१ ऑगस्ट
विचारलं. पाण्यासाठी तीनदा तोडून वाजवू, बाराला एकदाच. साहेब हसले नाहीत, माणूस वाईट नाही. म्हणाले, वरून लेखी यायला हवं, पत्र पाठवतो, आणि सूचना तहसिलीत लावू. म्हटलं, साहेब, वाळूवाल्यांतलं कोणी तहसिलीत जात नाही, आणि गेलं तरी वाचणार कोण.
"तू किती शिकलास?"
"चौथी."
"मग तूच जाऊन सांग."

३० ऑगस्ट
मिस्त्रींना साडेदहाला तीनदा फिरवायला सांगून मी खाली पात्रात जाऊन उभा राहिलो. कसं ऐकू येतं बघायला. सगळ्यांना आधी सांगितलं, तीनदा वाजला की वर चढायचं. माना हलवल्या.
भोंगा सावकाश चढतो, हात सोडला तरी सावकाश उतरतो. वर उभं राहून ते कळत नाही. खाली तिन्ही मिळून एकच लांब हू आला. कुठे तुटलाच नाही. मी कान देऊन उभा, आणि मागे वळून बघतो तर सगळे हात धुऊन बसलेले, फडकी सोडलेली.
मुकादम अंगावर आला. "साडेदहाला जेवण? ट्रक काय तुझा बाप भरणार?" सगळे हसले. बायपण.

६ सप्टेंबर
साहेबांना म्हटलं, बाराचा बंद करू, सकाळी आठला फिरवू. म्हणाले पत्र गेलंय, उत्तराशिवाय वेळ बदलता येत नाही, धरणाच्या कॉलनीतली कामंही त्यावरच सुटतात.
बायला आठचं सांगितलं तर म्हणे, "बरं हाय, मग आठाला काम धरू." तिला गंमत वाटली.

१२ सप्टेंबर
ओझरहून मामेभावाचं कार्ड. कँटीनमध्ये जागा आहे, लगेच ये. एरवी मी पहिल्या एस.टी.ने गेलो असतो. लासलगावला गोण्या उचलल्या, चार महिन्यांत कंटाळलो. नाशकात गंगापूर रोडला बांधकामावर होतो, तिथूनही पळालो. कुठे टिकायची सवय नाही. बॅगसुद्धा भरली. मग बारा वाजत आले म्हणून भोंग्याकडे गेलो. फिरवताना सारखं दिसत होतं, आत्ता तिकडे फडकी सुटत असतील.
कार्ड उशाखाली आहे.

१५ सप्टेंबर
आज मुद्दाम नाही वाजवला. म्हटलं सवय मोडू दे. कॉलनीत ओरड, साहेबांनी मेमो दिला. संध्याकाळी दाजी चालत आले, विचारायला, की भोंगा बिघडला का. दोन वाजेस्तोवर उपाशी राबले सगळे. बाय अंगावर पाजते, तिला चक्कर आली.
उद्यापासून परत.

२३ सप्टेंबर
घाटात तीन दिवस पाऊस आहे म्हणतात. इथे नुसतं ढगाळ, मधेच ऊन. नदीत पाणी घोट्याएवढं, म्हणून वाळू जोरात. घाटातल्या पाऊस मोजायच्या चौकीचा फोन कालपासून बंद. धरण भरत आलंय. पाण्याची पट्टी दर तासाला बघतो. दुपारी एक दगडी पायरी उघडी होती, आता नाही.

२४ सप्टेंबर, संध्याकाळी

अकराला साहेब म्हणाले, बाराला दरवाजे उचलायचे. जीप चौकीकडे गेलेली. म्हटलं, भोंगा वाजवू नका, मी जाऊन सांगतो. म्हणाले, भोंग्याशिवाय दरवाजा उचलता येत नाही. मग हळूच, "जा तू. मिस्त्री फिरवतील."
सायकल हाणली. बायच्या टोळीपाशी पोचलो तर ट्रक अर्धा भरलेला. मुकादम वर बघून म्हणाला, कुठंय पाऊस? हुज्जत घालत बसला. बायने पाटी उचलली पोरीसकट, डोक्यावर घेतली, चालू लागली. तिच्यामागे बाया, बायांमागे गडी. शेवटी मुकादम.
सगळे काठावर आले आणि भोंगा झाला. त्यांनी तिथेच फडकी सोडली. बाय म्हणाली, "पुलाखालचे रं?"
निघालो. काळ्या मातीत चाक रुतलं, सायकल टाकून पळालो. पुलाच्या अलीकडचा ओढा कमरेएवढा, ओढ जबर. पलीकडे जाता येईना. तिथून दिसत होते. नदीच्या मधोमध वाळूच्या उंचवट्यावर, गोल करून बसलेले. मी ओरडलो. शर्ट काढून फिरवला. एकाने बघितलं. त्याने हात तोंडाशी नेऊन दाखवला आणि मला हाताने बोलावलं. ये, जेवायला ये.
मी परत शर्ट फिरवला. त्याने परत बोलावलं.
मग खडीवरून ट्रक जावा तसा आवाज आला. पाणी माझ्या समोरून गेलं, तपकिरी, वर काटक्या. तेवढ्यात पाऊसही आला, पडद्यासारखा. उघडला तेव्हा उंचवटा नव्हता.

२५ सप्टेंबर
पुलाकडचा रस्ता पाण्याखाली. पलीकडची काही खबर नाही. एक ट्रकवाला म्हणतो, काही जण पुलाच्या खांबाकडे पळताना दिसले. किती ते त्याला माहीत नाही. साहेब माणसं घेऊन लांबच्या रस्त्याने गेलेत.
बाय रात्री इथेच कॉलनीत होती. सकाळी म्हणाली, "तू पयले आमच्याकडं आलास म्हून..." पोरीला पाजत राहिली.
दरवाजे आणखी उचलायचा वरून निरोप आलाय. बाराला. मिस्त्री भोंग्यापाशी उभे आहेत. हँडलवर हात, बघतायत माझ्याकडे.
"सोमा, फिरवू का?"
खांबाला धरून कोणी असलं तर आज त्याला ऐकू जाईल, आणखी पाणी येतंय हेही कळेल, पण जायला जागा नसेल. पाच मिनिटं आहेत.